मोगऱ्याला कुठला चुना

चुन्यानं सुधारणार नाही असं जगात काही नाही, असं माझे चुलत सासरे मानायचे. तात्यांची सारी नोकरी साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना सोडण्यात गेली. चुना पडला की रसाचा आंबटपणा जातो आणि गाळ खाली बसतो. त्यामुळे त्यांच्या लेखी रस, माती, माणसं, सगळी मुळात आंबटच. व्याह्यांशी खटका उडाला तरी शांतपणे म्हणायचे, "गडी आंबट हाय जरा." चुन्याची कळी, म्हणजे भट्टीतून निघालेला खडा, कानाशी धरून टिचकी मारायचे आणि नुसत्या आवाजावरून ती नीट भाजली आहे की नाही ते सांगायचे. कळी भिजवताना मात्र कुणाला जवळ येऊ देत नसत. "सूनबाई, मागं सर. डोळ्यात उडंल."

आई गेल्यावर निरवांगीच्या माहेराहून मी एकच गोष्ट आणली, तिचा मोगरा. बारामतीत आमच्या परसात तो पिवळा पडत चालला. तो मला जाऊ द्यायचा नव्हता. तात्यांना कळलं तसे ते सणसरहून तीन तऱ्हांच्या चुन्याच्या तीन पिशव्या घेऊन हजर झाले. कळीचा चुना मुळं भाजतो, पाण्यात विरवलेलाही तेजच, चुनखडीची भुकटी सगळ्यांत सौम्य. तेव्हा नाजूक झाडाला तीच. निवड बिनचूक होती.

"पण तात्या, माती आंबट आहे का ते तरी बघू."

"त्यात काय बघायचं? पीळ लिंबू. गप राहिली तर आंबट. फसफसली तर तिच्यात चुना हाय."

मी पिळलं. माती सोड्यासारखी फसफसली. तात्या वाकून बघत राहिले.

"दुसरं लिंबू हाय का?"

दुसऱ्यानंही तेच.

"हिला चुना न्हाय टाकायचा," ते म्हणाले. असलं वाक्य त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकलं नव्हतं.

मी शेणखत आणि पानांच्या पिवळेपणावरचं हिराकस घातलं. मोगरा हिरवा झाला. पिशव्या परत न्यायला मात्र तात्या तयार होईनात. "सणसरमधी सगळ्यास्नी सांगून आलोय." शेवटी त्यांनी कळी भिजवली आणि आमच्या आंब्याचं खोड कमरेइतकं पांढरं करून टाकलं. मग दर दिवाळीआधी त्यासाठीच यायचे. जाताना मोगऱ्याकडे बघून तक्रारीच्या सुरात म्हणायचे, "चुन्याबिगर जगलाय म्हणायचा."

यंदा तात्या नाहीत. खोड मीच रंगवायला घेतलं. बादलीत कळी टाकून पाणी ओतलं, तशी ती खदखदायला लागली. मागं सर म्हणायला कुणी नव्हतं. मी आपणहून मागं सरले.