मैत्रिणीनं दिलेलं आडनाव

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. त्याआधी मोठं पाणी म्हणजे आमच्या विष्णुपुरीच्या धरणाचं. संध्याकाळी घराच्या गच्चीवरून दिसायचं तेवढंच. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत माझी मैत्रीण म्हणाली, "दापोलीला बायकांची सहल चाललीय, आपण दोघी जाऊ," तेव्हा मी नवऱ्याला विचारायच्या आधीच हो म्हणून बसले.

ही मैत्रीण आणि मी बिलोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सोळा वर्षं आम्ही नांदेडहून अपडाऊन केलं. सकाळची एसटी, शेजारची सीट. माझी मुलगी झाली तेव्हा तिनं माझे दोन वर्ग सांभाळले. तिच्या नवऱ्याचा अपघात झाला तेव्हा मी अकरा दिवस दवाखान्यात तिच्यासोबत बसले. ती मराठा, घरची शेती असलेल्या कुटुंबातली. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतलेली. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि आमच्यात त्यावर बोलायची वेळ कधी आली नाही. मला वाटायचं, बोलायची गरजच नाही, इतकी आमची मैत्री पक्की आहे.

सहलीत आम्ही चौदा जणी होतो. नांदेड, लातूर, उदगीरकडच्या. बहुतेक शिक्षिका, दोन-तीन घरी असणाऱ्या. त्यात लातूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांचा ताबा घेतला. कोण कुठं बसणार, कोण कधी आंघोळ करणार, सगळं त्या ठरवायच्या. राग यायचा नाही, कारण सगळ्यांना डब्यातलं खायलाही त्याच द्यायच्या.

ज्या दिवसाबद्दल मी सांगते आहे, त्या दिवशी आमच्यासोबत एक स्थानिक गाईड होता. पन्नाशीचा, डोक्याला टोपी, पायात रबरी चपला. सकाळी तो आम्हाला कर्द्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं, ओली वाळू आरशासारखी. मी चपला हातात घेऊन चालत सुटले. घोट्यापर्यंत पाणी आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, हे कुणी मला सांगितलंच नव्हतं. मी घाबरून मैत्रिणीचा दंड धरला. ती हसली, "अगं, पडत न्हाईस. मी हाय ना." आम्ही दोघी साड्या खोचून तशाच उभ्या राहिलो. तो अर्धा तास अजूनही आठवतो तेव्हा मला त्याचं काय करावं कळत नाही. कारण तो खराच होता.

तिथून गाईडनं आम्हाला उन्हवऱ्याला नेलं. तिथं जमिनीतून गरम पाण्याचे झरे येतात. बायकांसाठी वेगळं, भिंती घातलेलं कुंड आहे. आत गंधकाचा वास आणि वाफ. काही जणी उतरल्या, आम्ही चार-पाच जणी कडेला बसून पाय सोडले. पाणी इतकं गरम की आधी फक्त टाचा बुडवायच्या, मग हळूहळू पावलं. मुख्याध्यापिकाबाई माझ्या डाव्या बाजूला, मैत्रीण उजव्या बाजूला.

बाईंनी लाडवाचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "घरचे आहेत. मी बाहेरचं शक्यतो खात नाही. काल त्या हॉटेलात स्वयंपाकघरात कोण होतं, कोण जाणे. आपल्याला विचारताही येत नाही आजकाल." दोघी-तिघी हसल्या. बाईंनी माझ्या हातावर लाडू ठेवला आणि सहज विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात? मी विसरले बघा."

मी काही म्हणालेच नव्हते. सांगायला तोंड उघडलं. माझं आडनाव ऐकलं की आमच्या भागात माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. पण माझ्याआधी माझी मैत्रीण बोलली. तिनं तिच्या मावशीच्या घरचं आडनाव सांगितलं.

"माझी मावसबहीण हाय ती," ती म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मलाच वाटलं, ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलते आहे. बाईंनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "अरे वा! म्हणजे आपल्यातल्याच की. माझ्या थोरल्या सुनेचं माहेर तेच." मग त्यांनी कुठल्या गावचे, कोणत्या भावकीतले वगैरे विचारायला सुरुवात केली आणि माझी मैत्रीण एकेक उत्तर देत गेली. अडखळली नाही. माझे पाय पाण्यात भाजत होते, तरी ते बाहेर काढायचं मला सुचलं नाही. हातातला लाडू मी तसाच रुमालात बांधला.

मी तेव्हाच का बोलले नाही? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे. वर्गात मी मुलांना सांगते, आपलं नाव मोठ्यानं सांगावं. माझ्या वडिलांनी पोस्टात नोकरी केली तेव्हा टेबलावर स्वतःच्या नावाची पाटी स्वतःच्या खर्चानं करून ठेवली होती. आणि मी गरम पाण्यात पाय सोडून गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बाईंची भीती नव्हती. मैत्रीण खोटी पडेल याची होती. तिला मी त्या क्षणीही सांभाळत होते.

दुपारी एका घरी जेवणाची सोय होती. सोलकढी, मोदक, केळीच्या पानावर भात. बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि आग्रह करकरून वाढायला लावलं. मी पानातला भात नुसता चिवडत राहिले. मैत्रीण समोरच्या पंगतीत होती. एकदा तिनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? तिला खरंच कळलं नव्हतं. त्याचं मला जास्त लागलं.

जेवणानंतर बस आंजर्ल्याच्या डोंगरावर चढली. वरून खाली सगळा किनारा दिसतो, नारळाच्या बागा, खाडी जिथं समुद्राला मिळते ती जागा. गाईड हात लांब करून दाखवत होता, कुठं किल्ला, कुठं बंदर. बायका फोटो काढत पुढं गेल्या. मी मैत्रिणीला कठड्याशी थांबवलं.

"मघाशी तू काय केलंस?"

"काय केलं?"

"माझं आडनाव बदललंस."

ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून गंभीर झाली. "अगं, तुझ्यासाठीच केलं. त्या बाईचं बोलणं ऐकलंस ना? चार दिवस तिच्यासंग काढायचेत. उगाच तोंड वाकडं करून बसली असती. तुला कशाला त्रास?"

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? एवढं मनाला काय लावून घेऊन राहिलीस? घरी चालूनच राहिलंय की इतकी वर्षं. तुला कधी काही त्रास झाला का?"

हे बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

"घरी म्हणजे?" मी विचारलं.

ती समुद्राकडे बघायला लागली.

"काकूंना काय सांगितलंयस तू?"

काकू म्हणजे तिच्या सासूबाई. सोळा वर्षं मी त्या घरी जात होते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला काकू मला निरोप धाडायच्या. माझं डोहाळजेवण त्यांनी केलं होतं. मी गेले की त्या आतून उठून यायच्या, माझ्या गालावरून हात फिरवायच्या, "लेकरा, वाळलीस लई," म्हणायच्या. माझी आई लवकर गेली. त्या हातासाठी मी कुंकू लावून घ्यायचे, ओटी भरून घ्यायचे. घरी माझा नवरा थट्टा करायचा, तरी घ्यायचे.

"मावसबहीणच सांगितलंय," मैत्रीण म्हणाली. "पहिल्यांदा तू आलीस तेव्हाच. त्यांनी विचारलं, माझ्या तोंडून निघून गेलं. मग बदलायचं कसं? त्या जुन्या वळणाच्या हायत, तुला माहीत न्हाई."

मला एकदम किती गोष्टी आठवल्या. काकूंनी एकदा मला विचारलं होतं, "तुझ्या मावशीचा गुडघा कसा हाय आता?" मला वाटलं, वयामुळं माणसांची गफलत होते आहे. बरा आहे म्हणाले होते मी. माझ्या नवऱ्याला त्या घरी कधीच बोलावणं नसायचं. बुद्धपौर्णिमेला मी खिरीला बोलावलं की मैत्रीण एकटी यायची, काकूंना जिना चढवत नाही म्हणायची. आमचं घर तळमजल्यावर होतं. जिना फक्त गच्चीचा होता. हे मी सोळा वर्षांत एकदाही लक्षात घेतलं नव्हतं.

"म्हणजे काकूंनी माझी ओटी भरली ती माझी नाही," मी म्हणाले. "तुझ्या कुठल्या तरी बहिणीची."

"तसं काय बोलतेस? जीव तुझ्यावरच हाय त्यांचा."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर जीव लावला असता का त्यांनी?" ती चिडून म्हणाली. आणि मग रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती माझ्यासमोर रडत असताना आयुष्यात पहिल्यांदा माझे हात कठड्यावरच राहिले.

डोंगर उतरून आम्ही खालच्या किनाऱ्यावर आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गाईड म्हणाला, सगळ्यांचा एक फोटो काढतो, ताई, समुद्राकडे पाठ करा. मुख्याध्यापिकाबाई जागा ठरवायला लागल्या. उंच मागं, ठेंगण्या पुढं. मग त्यांनी मला हाक मारली. मैत्रिणीच्या मावशीच्या आडनावाला बाई लावून.

"या इकडं, माझ्याजवळ या."

मी जागची हलले नाही. "ते माझं आडनाव नाही," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मग मी माझं आडनाव सांगितलं. "आम्ही बौद्ध आहोत. आणि मी ह्यांची मावसबहीण नाही. आम्ही एका शाळेत शिकवतो."

बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आधी गोंधळ, मग त्यांनी मला असं पाहिलं, जसं दुकानात पिशवी उघडून आत भलताच माल निघाल्यावर बघतात. "असं होय," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी राखलेल्या जागेत थोड्या सरकून उभ्या राहिल्या. उदगीरची एक तरुण शिक्षिका, जिच्याशी मी दिवसभरात दोन शब्द बोलले नव्हते, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. गाईडला आमच्यातलं काही कळलं की नाही, देव जाणे. तो म्हणाला, "ताई, भरती लागलीय, जरा मागं सरा."

मैत्रीण त्या फोटोत नाही. मी बोलल्या बोलल्या ती बसमध्ये जाऊन बसली होती. मी आत गेले तेव्हा तिनं खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हटलं, "चारचौघींत माझी फजिती केलीस. हेच ओळखलंस मला?" म्हणजे तिच्या लेखी दगा मी दिला होता. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. सहलीचे उरलेले दोन दिवस आम्ही एका खोलीत झोपलो आणि कामापुरतं बोललो. बाई माझ्याशी शेवटपर्यंत अगदी नीट वागल्या. फक्त डबा माझ्याकडे आला नाही.

नांदेडला परतल्यावर पंधरा दिवस मी विचार केला. मग एका रविवारी सकाळी मैत्रिणीच्या घरी गेले. ती बाजारात गेली होती. काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. मला बघून नेहमीसारख्या उठायला लागल्या. मी म्हणाले, बसा. त्यांच्यासमोर खाली बसले आणि जे खरं होतं ते सांगितलं. माझे आजोबा, माझं आडनाव, माझं माहेर. सुनेला रागावू नका, असंही म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नाही.

काकूंचे हात सुपात थांबले. त्या म्हणाल्या, "मला ठावं असतं तर..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. मी वाट बघितली. वाक्य कुठल्याही बाजूला वळलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी मान खाली घातली आणि सुपातले खडे वेचायला लागल्या. मी थोडा वेळ तिथंच बसले. मग निघाले. त्यांनी "थांब" म्हटलं नाही, "जा" पण म्हटलं नाही.

मैत्रीण अजून त्याच शाळेत आहे. तिचा वर्ग माझ्या वर्गाला लागून आहे. आम्ही बोलतो. हजेरी, परीक्षा, पोषण आहाराचा तांदूळ. आता ती दुसऱ्या दोघींबरोबर कारनं ये-जा करते. एकदा तिनं मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन म्हटलं, "मी वाईट न्हाई गं." मी म्हणाले, "मला माहीत आहे." हे मी मनापासून म्हणाले. पण त्यानं काहीच हललं नाही.

काकूंचा फोन मात्र येतो. तीन-चार महिन्यांतून एकदा, दुपारी, घरी कुणी नसताना. "कशी हायस?" विचारतात. पोरीचं शिक्षण विचारतात, स्वतःच्या कंबरेचं सांगतात, पाण्याचं सांगतात. गेल्या महिन्यात बोलता बोलता म्हणाल्या, महालक्ष्म्या जवळ आल्या, करून राहिले आता एकटीच सगळं. मी "हाव" म्हणाले. मग त्यांनी, कंबर लई दुखून राहिली, म्हणत फोन ठेवला. ये म्हणाल्या नाहीत. मीही येते म्हणाले नाही.