ॲपला झापडं

आमच्या आटपाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात किस्से साठायला वेळ लागत नाही. पूर्वी ते जनावरांचे असायचे. लस टोचलेल्या प्रत्येक मेंढीची नोंद मोबाईलवर करायचं ॲप आलं, तेव्हापासून सगळे माझेच! मला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी ते मला समजावलं. ॲपला कोण समजावणार?

*

पहिल्याच लसीकरण शिबिरात मेंढी टोचली, ॲप उघडलं. वर लाल ठिपका. दाबला. 'अभिनंदन! तुम्हाला नवा बॅज मिळाला!' बॅज बघितला, मग खालची सूचना, मग तिच्यातला व्हिडिओ. मान वर केली तर मेंढी कळपात पसार!

"म्याडम," मेंढपाळ बिरामामा म्हणाले, "टोचलेलं कंचं आन् राह्यलेलं कंचं?"

तेव्हापासून आधी पाठीवर निळा पट्टा, मग ॲप.

*

एकदा फॉर्म भरत आणला होता. कुणीतरी शेळीचं औषध विचारलं, मी सांगितलं. परत बघते तर, 'वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा.' सगळं कोरं! मोबाईल भिंतीवर आपटणारच होते, तो आमच्या शिपाई जाधवनानांनी काढून घेतला. नाना लष्करातून रिटायर.

"म्याडम, शत्रूबी एवढा घात करत न्हवता!"

*

तक्रार केली तर अपडेट आलं. काल जिथे 'जतन करा' होतं, नेमकं तिथे 'रद्द करा'! बोट सवयीनं जातं, वाचायला कोण थांबतंय? अख्खं शिबिर उडालं.

सांगलीहून साहेबांचा फोन. "महिनाअखेर नोंदी पूर्ण नसतील तर तुमचं कंत्राट वाढणार नाही. जरा लक्ष द्या."

"लक्षच तर नाही, साहेब! असतं तर द्यायला माझं काय जात होतं?"

फोन ठेवला आणि रडले. ही नोकरी मला लय आवडते हो!

*

त्या रागातच लसीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. मेंढीच्या कानातल्या टॅगचा नंबर, आकड्यांची बटणं आणि 'जतन करा', एवढ्यापुरत्याच खिडक्या. रबरबँडनं मोबाईलवर बसवला. ठिपका, बॅज, 'रद्द करा', सगळं झाकलं.

"घोड्याला झापडं बांधत्यात, तसलंच हाय की!" नाना म्हणाले.

सगळ्या नोंदी झाल्या.

महिनाअखेर साहेब आले. नोंदी तपासल्या, पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. माझ्या कंत्राटावर सही करायला पेन उघडलं आणि टिंग! खिशातून मोबाईल काढला. बघत बसले. मग आणखी काहीतरी बघत बसले. पेन हातात तसंच.

"आवं सायेब, सही!" नाना म्हणाले.

साहेब दचकले. सही केली. मग इकडेतिकडे बघून आपला मोबाईल हळूच माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, ह्या मापाचा निघेल का एक?"