अण्णांची किल्ली

बंद दार नावाची काही वस्तू जगात असते, हे माझ्या साडूंनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे, ते यजमान. आमच्या बंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत थोरल्यांना अण्णा म्हणतात, म्हणून तेही अण्णा, आणि मी वयाच्या सत्तरीतही त्यांचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर त्यांची हयात गेली. आम्ही चामराजपेटेतल्या या घरात राहायला आलो, त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या दाराची एक किल्ली कारखान्यात पितळेची घासून तयार केली. मला विचारलं नाही. तयार झाल्यावर दाखवली मात्र कौतुकानं. “तुझ्या किल्लीपेक्षा हलकी फिरते बघ!” फिरायचीही.

त्या किल्लीनं ते तीस वर्षं आमच्या घरात आले. आधी स्वयंपाकघरातून झाकण वाजल्याचा आवाज यायचा, मग “मीठ स्वल्प कमी आहे” असा शेरा, आणि मग आम्हांला कळायचं की अण्णा आलेत. खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. जे मोडलंय ते ते दुरुस्त करायचे आणि जे मोडलेलं नाही तेही. आमचा मिक्सर उत्तम चालत असताना त्यांनी तो उघडला, आणि तेव्हापासून तो मोटारसायकलसारखा सुरू होतो. पोस्टमननं टाकलेली पत्रं ते फोडून, वाचून, महत्त्वाप्रमाणे लावून ठेवायचे. घरात मोबाइल आला तेव्हा तर त्यांना नवं कपाटच उघडायला मिळालं. बोटाचा ठसा घेऊन उघडणारा फोन मुलानं मला दिला, तर माझ्या अंगठ्याआधी त्यात अण्णांचा अंगठा नोंदवला गेला. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं नातीच्या लग्नाचं निमंत्रण पाठवलं, त्याला माझ्या नावानं उत्तर गेलं: “यायला जमेल असं वाटत नाही. जेवणात काय आहे?” मी चिडलो तर म्हणाले, “अरे, जेवण कळल्याशिवाय तू नक्की काय ते ठरवणार कसा?”

माझी सून पुण्याची. ती घरून काम करायची म्हणून वर्षभर आमच्याकडे राहिली. एकदा तिची महत्त्वाची मीटिंग चालू असताना अण्णांनी मागून येऊन तिचा लॅपटॉप अलगद मिटला. म्हणाले, “तापलाय गं पोरी. त्यालाही विश्रांती हवी.” ती दोन मिनिटं कपाळाला हात लावून बसली आणि मग इतकी हसली, की तिला पुन्हा मीटिंगमध्ये जाता येईना. पुढे त्यांना कॉफी तीच करून द्यायची. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या नात्यागोत्यात आजवर उलटं सांगितलं गेलं.

झालं असं. माझ्या रक्तातली साखर वाढली होती. रिपोर्ट मी फोनमध्ये लपवला होता आणि रोज फिरायला जातो सांगून कोपऱ्यावर मैसूरपाक खात होतो. अण्णांनी फोन उघडला, रिपोर्ट वाचला आणि तिथूनच माझ्या बायकोला हाक मारली, “अगं, याची साखर तीनशेवर गेलीय! तू अजून याला गूळपोळी वाढतेस?” बायको रडली. माझा मैसूरपाक बंद झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मला मात्र चारचौघांत उघडा पडल्याचा राग गिळता येईना. मी मुलाला सांगून दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवून घेतलं, बाहेर कॅमेऱ्याची घंटा लावली आणि फोनमधून अण्णांचा अंगठा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी अण्णा घंटा वाजवून आत आले. आयुष्यात पहिल्यांदा. “हे काय रे तम्मा?” त्यांनी विचारलं. सून समोर उभी होती. आणि मी म्हणालो, “काय करणार अण्णा, आजकालची मुलं. तिला सवय नाही कुणी असं आत आलेलं.” सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि ती कॉफी करायला आत गेली. अण्णा “सरी, सरी” म्हणाले, म्हणजे ठीक आहे. त्या दिवशी त्यांनी एकही झाकण उघडलं नाही.

त्यानंतर ते एकदाच आले. दुपारची वेळ, बायको आणि सून बाजारात गेलेल्या. दारापुढं कुणी आलं की कॅमेरा फोनवर कळवायचा. तसा फोन वाजला म्हणून पाहिलं, तर कॅमेऱ्यात अण्णा. त्यांनी खिशातून पितळी किल्ली काढली, दाराशी नेली, आणि मग काही आठवल्यासारखं करून परत खिशात ठेवली. घंटेपर्यंत हात नेला, पण वाजवली नाही. मी दाराच्या आत, चार पावलांवर, फोन हातात धरून उभा होतो. उघडलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. मी उघडलं नाही. मग अण्णांनी वर पाहिलं. माझ्या नावाची पाटी कित्येक वर्षं एका बाजूला कलली होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, पाटी सरळ केली, दोन पावलं मागं जाऊन मान तिरकी करून पाहिली आणि निघून गेले.

पुढच्याच महिन्यात ते गेले. किल्ल्यांचा जुडगा अक्कानं मला आणून दिला. तिच्या मनात सुनेबद्दल अढी होती, ती तशीच राहिली. मुलगा-सून आता बंगळुरातच, पण लांब बेळ्ळंदूरला राहतात. परवा सून आली तेव्हा धीर करून म्हणालो, “कुलूप मला हवं होतं, हे मी अक्काला सांगणार आहे. तुझ्यावर उगीच ढकललं.”

“मला माहीत होतं, बाबा. त्याच दिवशी तुमच्या मुलानं सांगितलं होतं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, अण्णाकाका माझ्यावर रागावले तरी तुमच्याकडे येतील. तुमच्यावर रागावले तर येणार नाहीत.”

मी काल अक्काकडे जाऊन आलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “घंटा वाजवली नाही त्यांनी?” आज ते कुलूप काढून जुनं परत बसवलंय. अण्णांची किल्ली लावून पाहिली. खरंच माझ्या किल्लीपेक्षा हलकी फिरते. आता दुपारी मी स्वयंपाकघराच्या बाजूला कान देऊन बसतो. पाटी अजून सरळ आहे.