दुकानाच्या पायरीवरची पोरं

गुजरातच्या हद्दीजवळच्या खापर गावच्या बाजारपेठेत मला भांडखोर म्हणतात. म्हणोत बापडे. लग्न होऊन राजस्थानातून इथे आले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आता फुटतो, एवढाच माझा गुन्हा. आमचं दुकान मणी, घुंगरू, आरसे आणि कमरेच्या पट्ट्यांचं. होळीच्या आधीच्या बाजाराला डोंगरातली माणसं हे सगळं घ्यायला उतरतात आणि त्या दिवशी आम्हाला घोटभर पाणी प्यायलाही उसंत नसते.

मी सांगतेय त्या होळीच्या आधी सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, देव जाणे. पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरलीय, असं त्यात कुणीतरी ओरडून सांगत होतं. बाजारपेठेतल्या आमच्या पुढाऱ्याने तो सगळ्या ग्रुपवर टाकला आणि खाली ‘सावध राहा’ असं लिहून हात जोडल्याची चित्रं लावली. हा माणूस बारा महिने पांढऱ्या कपड्यांत. उद्घाटनाला तोच, सत्काराला तोच, कुणाचं भांडण मिटवायलाही तोच. लोक त्याला भाऊ म्हणतात. मीही म्हणते.

त्या बाजाराच्या दुपारी गुजरातकडून आलेल्या जीपमधून एक माणूस उतरला. सोबत सहा-सात पोरं. इथल्या कुणालाही यात नवल वाटायचं कारण नव्हतं. ऊसतोडीला गेलेले आईबाप अगदी होळीच्या तोंडावर सुटतात, म्हणून पोरांना आधी पाठवतात. ऊसतोडीच्या टोळीतला एखादा माणूस सगळ्यांची पोरं घेऊन येतो आणि पाड्यापाड्यावर आजा-आजीकडे पोचवतो. कुणी त्याच्याकडून वचन घेत नाही की कुणी त्याच्यामागे कुणाला पाठवत नाही. आम्ही दुकानदार हे दरवर्षी बघतो, त्या पोरांना गोळ्या-बिस्किटं विकतो. पण त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात व्हिडिओ बसला होता.

ही पोरं कुणाची, असं कुणीतरी त्याला अडवून विचारलं, “कोना पोरे शेतस ह्या?”

तो म्हणाला, “मन्हा नहीत.”

खरं तेच बोलला. टोळीतल्या लोकांची आहेत, हे पुढचं वाक्य तोंडातून निघण्याआधीच त्याच्या थोबाडीत बसली. मग एका पोरीला विचारलं, हा तुझा बाप का? तिने नाही म्हणून मान हलवली. तीही खरंच बोलली. नंतर माझा नवरा म्हणाला, माझीच आहेत असं म्हणाला असता तर सुटला असता. मला त्या बोलण्याचा अजून राग येतो. खरं बोलणाऱ्याने मार खायचा आणि वर शहाणपणही त्यालाच शिकवायचं, हा कुठला न्याय?

हे सगळं आमच्या दुकानासमोर चाललं होतं. मी गल्ल्यावरून उठले, गर्दीत घुसले, त्या माणसाचा दंड धरला आणि त्याला ओढत दुकानात आणलं. बाई मध्ये आली म्हणून लोक क्षणभर बिचकले, तेवढ्यात पोरंही एकमेकांचे सदरे धरून आत शिरली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “शटर पाड,” तो म्हणाला, “आपल्याला काय करायचंय?” मी शटर पाडलं, पण स्वतः बाहेर राहिले आणि पायरीवर बसले. पोलिसांना फोन लावा, असं शटरमधून आतल्या नवऱ्याला सांगितलं. मी शूर वगैरे नव्हते.

गर्दीतून वाट काढत पुढारी आला. “भाभी, बाजूले व्हा. लोके तापेल शेतस.”

“तापाडनारा तुम्हीच शेतस, भाऊ. आते तुम्हीच थंड करा.”

त्याने मागे वळून पाहिलं. मागे त्याचीच माणसं होती, रोज त्याच्या मागेपुढे करणारी, पण आता त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. “मन्हं कोनी आयकत नही,” तो हळूच म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य. गर्दी जमवतो त्याला आपण पुढारी म्हणतो. जमवलेली गर्दी त्याला घरी पाठवता येते का, हे आपण कधी विचारतच नाही.

मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “तुम्ही याले वळखतस का?”

हो म्हणणं किती सोपं होतं. जुनं गिऱ्हाईक आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या शब्दाला बाजारात तेवढी किंमत आहे. शब्द ओठांवर आलाही होता. पण आत बसलेला माणूस खरं बोलून मार खाऊन आला होता. त्याला वाचवायला मी खोटं बोलले असते, तर मारणाऱ्यांचंच बरोबर ठरलं असतं, असं मला वाटलं. आजही तसंच वाटतं.

“नही वळखत,” मी म्हणाले.

“मंग?”

“मंग काय? मन्हा दुकानमा बठेल शे. मी उठाव नही.”

एक दगड शटरवर आदळला. आत एक पोर रडायला लागलं. तेव्हा मघापासून दुकानाबाहेर टांगलेले घुंगरू बघत उभी असलेली डोंगरातली एक म्हातारी पुढे आली. दर होळीला ती माझ्याशी भावावरून हुज्जत घालते, कधीच पटकन घेत नाही. ती माझ्या शेजारी बसली आणि टोपली मांडीवर घेतली. मग तिच्याबरोबरच्या बाया बसल्या. त्यांच्यातली एकही त्या माणसाला ओळखत नव्हती, हे मला मागाहून कळलं. पायरी भरली तशा काही जणी खाली मातीतच बसल्या. आता शटरपर्यंत यायचं तर इतक्या बायांना तुडवून यावं लागलं असतं, आणि ती हिंमत कुणात नव्हती. कडेची माणसं एकेक करत पांगायला लागली.

बसल्या बसल्या म्हातारीने शटरच्या फटीला तोंड लावून पोरांना त्यांच्या बोलीत विचारलं, कोणत्या पाड्याचे, कुणाचे नातू. पोरं आधी मुसमुसत आणि मग भडाभडा बोलायला लागली. तोवर अक्कलकुव्याहून पोलिसांची गाडी आली. त्यांनी पोरांच्या गावी फोन लावले, खात्री केली आणि सगळ्यांना गाडीत बसवून घरी सोडलं. जाताना त्या माणसाने माझ्याकडे फक्त पाहिलं. ओठ सुजला होता, बोलता येत नव्हतं.

पुढे पुढाऱ्याने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषण, सगळं त्याचंच. मी फक्त उभं राहायचं होतं. मी गेले नाही. आधी तो व्हिडिओ चुकीचा होता हे ग्रुपवर लिहा, मग शाल द्या, असा निरोप पाठवला. त्याने काही लिहिलं नाही. शाल दुसऱ्या कुणाला गेली. मी भांडखोर ठरले ती तेव्हापासून, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

पुढच्या होळीच्या बाजारात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वर पाहिलं तर तोच माणूस दारात उभा होता, सोबत पुन्हा पोरांचा घोळका, काही मागच्याच वर्षीची. मला वाटलं होतं, हा आता कुणाची पोरं आणणार नाही, किंवा आणली तरी खापरला उतरणार नाही. त्याने पोरांना पायरीवर ओळीने बसवलं. “जीप देखीसनी येस,” एवढं म्हणाला आणि पुढची जीप बघायला निघून गेला. ठेवू का, म्हणून विचारलंही नाही. माझं नाव त्याला ठाऊक नव्हतं, मला त्याचं नव्हतं.

एका गिऱ्हाइकाने पोरांकडे बघून विचारलं, “कोना पोरे शेतस, भाभी?”

“मन्हा नहीत,” मी म्हणाले, आणि पोरांना आत सावलीत बोलावलं.