पलीकडून येणारी ओ

साठीला आली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली होती तोवर ते ठीक होतं. आता थोरली नव्हती आणि नाव मात्र मागे राहिलं होतं, जोडातली एक चप्पल राहावी तसं.

दोघी बहिणींचं एक गाणं होतं. आईकडून आलेलं, आईकडे कुठून आलं ते ठाऊक नाही. मुखड्यात कुणीतरी नदीच्या अलीकडच्या काठावरून हाक मारतं आणि अंतऱ्यात पलीकडून ओ येते. मुखडा खालच्या सुरातला, तो थोरलीचा. मुखडा संपतो त्या वळणावर अंतरा एकदम वर चढतो, तो धाकटीचा. हे लहानपणी कधीतरी ठरलं आणि मग कुणी बदललं नाही. भांडी घासता घासता थोरली हाक मारायची. धाकटी असेल तिथून, जिन्यातून, गच्चीवरून ओ द्यायची. भांडण झालेलं असलं तरी द्यायची. भांडण मिटवायची त्यांची तीच रीत होती. 'माझं चुकलं' असं दोघींपैकी एकीनेही जन्मात म्हटलं नाही.

मग थोरली लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि धाकटी कापडाच्या कारखान्यात मागावर लागली. विणकामाच्या खात्यात इतके माग एकदम चालायचे की आवाज कानाला नव्हे, दातांना जाणवायचा. तिथे बोलायचे दोनच मार्ग. एक तर जीव खाऊन ओरडायचं, नाहीतर समोरच्याचे ओठ वाचायचे. माग दुरुस्त करणारा फिटर तिथेच होता. त्याने तिला लग्नाचं विचारलं ते दोन मागांच्या मधून, नुसत्या ओठांनी. तिला वाटलं सुताबद्दल काही म्हणतोय. "काय?" म्हणून ती ओरडली आणि आसपासच्या सगळ्या बायका हसायला लागल्या. त्यांनी ते आधीच वाचलं होतं.

मागावर उभी राहून ती कधी कधी अंतरा म्हणायची. कुणालाच ऐकू जायचा नाही, तिला स्वतःलाही नाही. फक्त फिटर लांबून पाहायचा आणि सूर वर चढला की भुवया वर न्यायचा.

फिटरचे कान गेले, तिचा घसा गेला. कारखाना बंद पडला तरी ओरडणं काही गेलं नाही. भाजीवाला म्हणायचा, "मावशी, मी इथेच उभा आहे हो." ती हसायची. आवाज रोज थोडा थोडा खरखरीत होत होता. एकट्या फिटरला त्याचा पत्ता नव्हता. तो तिला डोळ्यांनी ऐकत होता.

थोरली अंथरुणाला खिळली तेव्हा दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं. एका संध्याकाळी बोलता बोलता थोरलीने मुखडा सुरू केला. आवाज पातळ झाला होता, पण सूर जागेवर होता. वळणाशी येऊन ती थांबली. धाकटीने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने पुन्हा उघडलं. फोनमध्ये थोरलीचा श्वास ऐकू येत होता, वाट पाहणारा.

"बसलाय वाटतं घसा," थोरली शेवटी म्हणाली. "असू दे गं. पुढच्या खेपेला."

पुढची खेप आली नाही.

धाकटी दवाखान्यात गेली ती त्यानंतर. "आता कुणाला ऐकवायचंय?" फिटरने विचारलं. त्याने ते साधेपणानेच विचारलं होतं. ती पायात चप्पल सरकवत राहिली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर तिचा आवाज दाखवला. दोन फिकट पट्ट्या, काठाशी जाड झालेल्या. "एवढासाच?" ती म्हणाली. तिला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. आवाजावर उपचार करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे जा. त्यांची वेळ मिळेपर्यंत घशाला विश्रांती द्या.

आवाजाच्या बाई तिच्या लेकीच्या वयाच्या. खोलीत आरसा, छोटा कीबोर्ड आणि टेबलावर पाण्याचा ग्लास, त्यात स्ट्रॉ.

"मग, विश्रांती दिलीत का?"

"एक शब्द मोठ्याने बोलले नाही," धाकटी कुजबुजली. "सगळं असंच."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. आणि तुमचं कुजबुजणं तर पार बाहेरच्या बाकापर्यंत जातंय."

खरंच होतं. ती कुजबुजतानाही खात्याच्या दुसऱ्या टोकाला पोचावं असा जोर लावत होती. दुसरं कुजबुजणं तिला येतच नव्हतं.

"हळू बोला, पण आवाजात बोला. नाहीतर सरळ गप्प बसा."

"मी गप्प बसले की घरचे घाबरतात."

बाई हसल्या. मग उठून मागे आल्या आणि तिच्या मानेवर हात ठेवला. बोलताना मान पुढे जात होती, समोर यंत्र असल्यासारखी. "इथे माग चालू नाहीत, मावशी," त्या हळूच म्हणाल्या. धाकटीने डोळे मिटले. मान खाली आणायला तिला बराच वेळ लागला.

मग घरी रोज पाण्यात स्ट्रॉ घालून 'ऊ' करत बुडबुडे काढणं आलं. "आता रांगायला कधी लागणार?" फिटर विचारायचा. तोंड मिटून गुणगुणणं आलं, ओठ फुरफुरवणं आलं. आवाज परत यायला लागला. विहिरीला पाणी लागावं तसा, तळातून, आधी गढूळ, मग जरा नितळ.

ऊन कडक व्हायला लागलं तेव्हा तिने बाईंना सांगितलं, "मला एकच ओळ वर न्यायची आहे."

बाईंनी कीबोर्डवर सूर दिला. वळणाशी आवाज फाटला. पुन्हा दिला, पुन्हा फाटला. बाईंनी कीबोर्ड बंद केला.

"मावशी, खोटं सांगत नाही. सूज पुष्कळ उतरली आहे. पण इतक्या वर्षांचं ओरडणं, त्यात वय. वरचा सूर परत येईल असं मला वाटत नाही. तुमचा आवाज आता खाली राहतो. तिथे छान राहतो. खालचं गा."

"खाली माझं काही नाही."

"म्हणजे?"

"ते ताईचं आहे."

 पुढच्या वेळची तारीख बाईंनी जरा थांबून दिली.

त्यानंतर कितीतरी दिवस ती फक्त बुडबुडे काढत होती. गाण्याच्या वाटेला गेली नाही.

एका दुपारी फिटर जमिनीवर बिघडलेला पंखा उघडून बसला होता. ती त्याच्याकडे पाठ करून दोरीवरचे कपडे काढत होती, आणि मुखडा सुरू झाला. आपण सुरू केला असं तिला वाटलंच नाही. तोच घोगरा काठ, शब्द सोडताना तीच किंचित ओढ. घरात थोरली गात होती. धाकटी दचकली नाही. हातातली चादर छातीशी धरून ऐकत राहिली, मध्येच तुटू नये म्हणून श्वासदेखील बेताने घेत.

वळण आलं. आवाज थांबला.

आता ती अलीकडच्या काठावर होती. इथून किती दूरपर्यंत काहीच येत नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं. त्या संध्याकाळी फोन कानाला लावून थोरली इथेच होती.

ती वळली. ओठ हलले. कुजबुज नाही, जोर नाही, हवासुद्धा नाही. फक्त ओठ, खात्यात हलायचे तसे. अंतरा वर चढला, तिथे थोडा रेंगाळला आणि उतरला.

फिटरने पंख्यातून मान वर काढली होती. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या.

"वर छान गेला," तो म्हणाला. "पण तू एकदम अंतऱ्यापासूनच का सुरू केलंस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग चादर खांद्यावर टाकली, पुन्हा पाठमोरी झाली आणि पहिल्यापासून हाक मारू लागली.