फायलींवर बसणाऱ्या बाई

माझ्या हातात तीन फायली दिसल्या की बाई त्यातल्या दोन काढून घ्यायच्या, स्टुलावर ठेवायच्या आणि त्यांच्यावर बसायच्या. "पहिले काय?" एवढंच विचारायच्या. हातातली फाईल संपेपर्यंत उठायच्या नाहीत. एकदा साहेबांनी मागवलेली फाईलच त्यांच्याखाली होती. साहेब केबिनमधून ओरडत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "ओरडू द्या. घसा त्यायचा हाये."

मी गोंडपिपरीच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि बाई तिथल्या शिपाई. वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण दहावी. कुठला कागद कुठे आहे हे अख्ख्या कचेरीत फक्त त्यांना माहीत असायचं.

मला खात्याची परीक्षा पास व्हायची होती. दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा झालो असतो तर नोकरीच गेली असती. नियमांची पुस्तकं मी प्रामाणिकपणे वाचायचो, ओळींखाली रेघा मारायचो, पण तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत पहिलं पान डोक्यातून गेलेलं असायचं. चूक वेळापत्रकाची आहे असं ठरवून मी अख्खा रविवार घालवला आणि चार रंगांच्या पेनांनी नवं वेळापत्रक केलं. बाईंनी ते नीट न्याहाळलं.

"लय सुंदर हाये. झाला किती अभ्यास?"

"आजपासून सुरू करणार आहे."

"काल काय केलं मंग?"

मी वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. बाईंनी मान हलवली, अगदी सहानुभूतीने.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या जुन्या फायली आणि दाभण घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. "वाचलं थे सांगा. हात शिवून राह्यले, कान मोकळेच हायेत."

मी रजेचे नियम सांगू लागलो. दुसऱ्याच वाक्याला दाभण थांबलं. "पुस्तकावानी नोका बोलू. मले समजंन असं सांगा."

मी अडखळलो. जे कळलंय असं वाटत होतं, ते मलाच कळलेलं नव्हतं. कसंबसं सोपं करून सांगितलं.

"म्हंजे रजा आपला हक्क नाई?"

"नाही. वरून मंजूर झाली तरच."

"मंग साहेब दर शुक्रवारी दुपारी चंद्रपूरले जाते, थे कोन्त्या रजेत?"

याचं उत्तर शोधायला मी जेवढी पानं उलटली, तेवढी दोन वर्षांत उलटली नव्हती. साहेब कुठल्याच रजेत बसेनात, पण त्या नादात सगळ्या रजा माझ्या पाठ झाल्या.

असे चार महिने गेले. रोज एक नियम, रोज एक वाकडा प्रश्न. "बाबू, तुमी डोळ्यानं शिकनारे नाईच," बाईंनी एक दिवस निकाल दिला. "तुमी तोंडानं शिकता. घरी बायकोशी भांडा, थेही अभ्यासातच धरा."

एक बिचारी बाई माझ्यासाठी आपली सुट्टी घालवते, असं मी गावभर कौतुकाने सांगायचो. परीक्षेच्या दिवशी चंद्रपूरच्या केंद्रावर पोचलो, तर ही बिचारी बाई हातात हॉलतिकीट घेऊन रांगेत उभी. शिपायाला कारकून व्हायचं तर त्यालाही याच नियमांची परीक्षा असते, आणि ती त्याच दिवशी त्याच इमारतीत होती.

"तुम्ही? अभ्यास कधी केलात?"

"रोज. तुमी सांगत नोहते का? मले वाचलं का झोप येते, आयकलं का ध्यानात राह्यते. हात चालू असले तं अजूनच."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलली असती तं तुमी मास्तर होऊन मले शिकवत बसले असते. तुमचं राह्यलं असतं." आणि त्या आत गेल्या.

आम्ही दोघंही पास झालो. त्यांचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. हे मी लपवणार होतो, पण हा मजकूर कुणीतरी त्यांना वाचून दाखवेल.

त्यांना राजुऱ्याला कारकुनाची जागा मिळाली. महिनाभराने मी न राहवून फोन केला.

"कशी आहे नोकरी?"

"धूळ लय हाये खाणीतल्या कोळशाची. टेबल पुसलं का पाच मिन्टात काळं."

"मग शिपायाला सांगायचं."

"म्हातारा हाये बाबू थो. मले लाज वाटते त्याले सांगाले."

फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडून टेबलावर फडका फिरल्याचा आवाज येत राहिला.