कुलूप किती वेळ धरायचं

आमच्या तालुक्याच्या बियाणे संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं नाही, याचा माझ्या सोबत्यांना राग आला. आम्ही सगळे पत्रकांवर वाढलेले. बस आली नाही, काढा पत्रक. राशनच्या तांदळात खडे, काढा पत्रक. मी मात्र नागपुरात कोर्स करून आलो आणि त्याच मशीनचा प्रोग्राम लिहायला संस्थेत लागलो. "तू तं तिकडचा झाला बे," एक सोबती म्हणाला. मी म्हणालो, खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीपेक्षा मशीन बरी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि माझं तेव्हा तेच मत होतं. आजही आहे.

कॉम्प्युटरचा मुख्य डबा संस्थेच्या साहेबांच्या खोलीत होता आणि त्याला जोडलेले दोन पडदे, म्हणजे स्क्रीन, दोन खिडक्यांवर. पहिल्या खिडकीवर पन्नाशीचे एक बाबू बसत, त्यांना सगळे काका म्हणत. दुसरीवर नव्यानं लागलेली एक मुलगी होती, माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणे. शेतकऱ्यानं सातबारा दाखवायचा, कोणतं धान हवं ते सांगायचं. खिडकीवरच्यानं शिल्लक पाहून चिठ्ठी छापायची. चिठ्ठी घेऊन मागच्या गोदामात गेलं की बॅग मिळे.

यात धोका एकच होता. चिठ्ठी देताना प्रोग्राम आधी शिल्लक वाचतो, मग त्यातून बॅग वजा करतो, मग उरलेला आकडा परत लिहितो. एका खिडकीनं शिल्लक वाचली आणि तिचा आकडा परत लिहून व्हायच्या आत दुसरीनंही वाचली, तर दोघींना तीच बॅग दिसते आणि दोघी तीच देऊन बसतात. कोणी खोटं बोललेलं नसतं, तरी माल एक आणि चिठ्ठ्या दोन. म्हणून तेवढ्या भागाला मी कुलूप घातलं होतं. एक खिडकी आत असेपर्यंत दुसरीनं थांबायचं. आतलीनं कुलूप सोडलं की दुसरीनं आत जायचं.

पण माझं ते पहिलं कुलूप फार लांबलचक होतं. नोंदीचा पडदा उघडला की ते लागे, ते थेट चिठ्ठी छापून निघेपर्यंत. आणि मधल्या वेळात काका होते.

"काहो, पोरीचं जमलं का तुमच्या?" काका विचारत.

समोरचा माणूस पिशवीतून टॉवेल, डबा, तंबाखूची पुडी असं सगळं बाहेर काढत सातबारा शोधत असे आणि कोणत्या गावचं स्थळ आलं, का मोडलं, ते सविस्तर सांगत असे. तेवढा वेळ कुलूप काकांकडे.

"काका, सोयरीक मंग जमवा जी!" ताई ओरडे. "माझा पडदा थिजला इकडे."

तिच्या रांगेतून आवाज येई, "बाई, थो डबा झोपला का? पानी मारा त्याच्या तोंडावर."

शेवटी साहेब बाहेर आले. म्हणाले, "ते कुलूप काढून टाक."

"काढायचं नाही, साहेब. लहान करायचं. दोन दिवस द्या."

"दोन दिवसांत हे लोक मले इथून उचलून नेतील. दोघांनी एकाच क्षणी बटन दाबलं, असं कधी होते का?"

"गर्दीत होते, साहेब."

"होईल तेव्हा पाहू. काढ."

काढलं. रांग पळायला लागली, साहेब खूश झाले. काही दिवस काहीच झालं नाही. हा दोष असाच असतो. दोन खिडक्यांची वेळ नेमकी जुळेपर्यंत तो तोंड दाखवत नाही, आणि तोवर सांगणारा माणूस भित्रा ठरतो.

मग हलक्या धानाचं बियाणं संपत आलं. त्या दिवशी सिहोऱ्याच्या पुढून, आमच्याच गावची एक बाई आली. मी तिला मावशी म्हणतो. तिच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, गावच्या तलावाच्या पाटावर अगदी शेवटी आहेत. तिथे पाणी सगळ्यांच्या मागून पोचतं आणि सगळ्यांच्या आधी आटतं. म्हणून तिला लवकर निघणारं हलकं धानच लागतं. भारी धान लावलं तर लोंबी भरायच्या वेळी जमीन भेगाळलेली असते. ती ताईच्या खिडकीवर उभी होती. काकांच्या खिडकीवर एक ट्रॅक्टरवाला शेतकरी होता, त्याच्याकडे विहीर होती आणि मोटारही. दोन्ही पडद्यांवर शिल्लक एक दिसली. दोघांनाही चिठ्ठी मिळाली.

मावशी गोदामात पोचेपर्यंत बॅग ट्रॅक्टरवर चढून फाटकाबाहेर गेली होती. ती चिठ्ठी घेऊन परत खिडकीवर आली.

"बाई, हे चिठ्ठी खोटी आहे का?"

ताईचं तोंड उतरलं. काका समजुतीनं म्हणाले, "भारी धान घेऊन जा ना मावशी. त्याच्या लय बॅगा आहेत."

"अन् लोंबीले पानी? तू आनून देशील का कळशीनं?"

रांग हसली. काकाही हसले. मावशी हसली नाही.

साहेब आले, चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "मशीनची चूक झाली."

माझं डोकं फिरलं. रस्ता खचला की पावसाची चूक, बस आली नाही की इंजिनाची चूक, आणि आता मशीनची. माणूस कुठे चुकतच नाही या जिल्ह्यात!

"मशीनची नाही, साहेब," मी रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो. "कुलूप तुम्ही काढायले लावलं."

"कोनतं कुलूप?" रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबानं विचारलं.

आता याला काय सांगायचं? मी आमच्या तलावाची गोष्ट सांगितली, सत्तरच्या दशकातली, मी शाळेत होतो तेव्हाची. आमच्याकडे तलावाच्या पाटावर एक काठी असते. ज्याच्या हातात काठी, त्यानंच पाट फोडून आपल्या बांधीत पाणी घ्यायचं. बांधी भरली की तोंड बुजवून काठी पुढच्याला द्यायची. एकदा एका माणसाकडे जावई आला आणि हा काठी घेऊनच घरी गेला, जेवायला बसला. त्याची बांधी भरून वाहत राहिली आणि मागचे सगळे कोरडे. लोकांनी वाट पाहिली, मग कंटाळून काठीशिवायच पाट फोडला. दोघांनी दोन जागी फोडला, दोघांना वाटलं पाणी पुरेल, आणि दोघांच्याही बांध्या अर्ध्याच राहिल्या. भांडण झालं. पण पंचांनी काठी मोडीत काढली नाही. त्यांनी ठरवलं की बांध नीट करायचा, तोंड तयार करायचं, फावडं आणायचं, हे सगळं आधी. मगच काठी घ्यायची, आणि ती पाटावरून हलवायची नाही.

"हेच मी साहेबांना करून देतो म्हणत होतो," मी म्हणालो. "नाव, सातबारा, सोयरीक, सगळं आधी. शिल्लक वाचायची अन् लिहायची, तेवढ्यापुरतं कुलूप."

"मंग तुम्ही तं काठीच फेकून देल्ली," बाबा साहेबांकडे पाहत म्हणाला.

साहेबांना ते आवडलं नाही. "पुढं पाहू," ते म्हणाले. "आज बॅग नाही आहे."

"आहे," मी म्हणालो. "हलक्या धानाची एक बॅग संस्थेच्या नमुना प्लॉटसाठी ठेवलेली आहे."

"थे वाटायची नाही."

मावशीनं दोघांकडे पाहिलं. मग मागे गेली आणि गोदामाच्या दारात, उंबरठ्यावर मांडी घालून बसली. दार एकच. हमालाच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाची बॅग होती, तो आतच उभा राहिला.

"मावशी, सरक ना जराशी."

"माझी बॅग आनली का? नाही ना? मंग मी कायले सरकू?"

दोन्ही खिडक्यांवर चिठ्ठ्या निघत राहिल्या आणि गोदामातून एकही बॅग निघेना. चिठ्ठीवाल्यांचा घोळका दाराशी वाढत गेला. पण मावशीवर कोणी ओरडलं नाही. सगळे साहेबांच्या खोलीकडे पाहून ओरडत होते, आणि बाबा सगळ्यात मोठ्यानं.

साहेबांनी नमुन्याचा माल ठेवलेल्या खोलीची किल्ली स्वतः आणून दिली. नमुना प्लॉटची बॅग निघाली, मावशी उठली. माझ्याजवळून जाताना साहेब म्हणाले, "किती वेळ लागेल तुले?"

"कुलूप लहान करायले? संध्याकाळपर्यंत होते. पण तोवर एकच खिडकी चालवा."

"दोन दिवस म्हणत होता ना?"

"दोन दिवस तपासायले, साहेब. थे उद्यापासून करतो."

ताईची खिडकी त्यांनी बंद केली. तिची रांग शिव्या देत काकांच्या रांगेमागे जाऊन उभी राहिली आणि काकांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, कोणाच्या पोरीची चौकशी केली नाही.

मी पडद्यापाशी बसायच्या आधी मावशीची बॅग एस.टी. थांब्यापर्यंत नेली. कंडक्टर कुरकुरत टपावर चढला.

"हळू ठेव रे बापा," ती खालून म्हणाली, "वर्षाचं खानं आहे त्यात." बॅग दोरीनं बांधून होईपर्यंत ती बसमध्ये चढली नाही.